राणीच्या झालरीला खळ कोणी दिली?

अमेरिकेत ‘रेनेसाँ फेअर’ नावाची एक जत्रा भरते. रेनेसाँ म्हणजे आपण बी.ए.ला शिकलो तो युरोपचा प्रबोधनकाळ. या जत्रेत देव नाही, नवस नाही, पालखी नाही. चारशे वर्षांपूर्वीचं एखादं इंग्रजी खेडं आहे असं समजून लोक मैदानावर जमतात, त्या काळचे कपडे घालतात, त्या काळची म्हणून एक भाषा बोलतात, आणि दुपारी वाजतगाजत एक राणी येते. ही राणी बहुतेक ठिकाणी पहिली एलिझाबेथ असते, म्हणजे १५५८ ते १६०३ या काळात इंग्लंडवर राज्य केलेली.

मला वाटत होतं ही प्रथा तिकडे इंग्लंडातच सुरू झाली असणार. पण ती निघाली अस्सल अमेरिकन. १९६३ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये फिलिस पॅटरसन नावाच्या शिक्षिकेने आणि तिचा नवरा रॉन याने अशी पहिली जत्रा भरवली. फिलिस मुलांची नाटकं बसवायची, आणि तीही घरच्या अंगणात. जत्रेतून आलेला पैसा के.पी.एफ.के. या श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ केंद्राला द्यायचा होता. डाव्या विचारांच्या संशयावरून ज्यांना हॉलिवूडमध्ये काम मिळणं बंद झालं होतं, अशी काही मंडळीही मदतीला आली. रेचल ली रुबिन या अभ्यासक बाईंनी २०१२ मध्ये ‘वेल मेट’ हे या जत्रांवरचं पुस्तक लिहिलं. साठच्या दशकातल्या बंडखोर तरुणाईशी या जत्रांचं नातं किती जवळचं होतं ते त्यात दाखवलं आहे. म्हणजे पाया काय, तर एका बाईने मुलांसाठी केलेलं अंगणातलं नाटक, आणि चौकटीबाहेरच्या लोकांना मिळालेली जागा. जत्रेची पारख करताना हा पाया मी लक्षात ठेवला.

मी पाहिली ती ओहायोतल्या एका लहान गावाची जत्रा. दोनच दिवसांची. टेक्सासला १९७४ पासून जी भरते तिच्यासाठी कायमचं गावच बांधून काढलं आहे म्हणतात. इथे तसलं काही नव्हतं. एरवी जिथे गाई-बकऱ्यांचं प्रदर्शन भरतं त्या काउंटीच्या मैदानावर तीस-चाळीस राहुट्या, बसायला गवताचे भारे, लाकडी फळ्यांचं एक स्टेज आणि कडेला रांगेने उभे केलेले प्लॅस्टिकचे संडास. लेक, जावई आणि सात वर्षांचा नातू यांच्याबरोबर गेले होते. लोहार होता, सूत कातणारी होती, ससाणा हातावर घेतलेली मुलगी होती. तलवारबाजी करणाऱ्या दोघांपैकी एकजण आठवडाभर इन्शुरन्सच्या ऑफिसात बसतो, असं शेजारच्या बाईंनी कौतुकाने सांगितलं. पंख लावलेल्या पऱ्या होत्या, समुद्री चाचे होते, शिंगांचा टोप घातलेले व्हायकिंगही होते. व्हायकिंग आणि एलिझाबेथ यांच्यात पाचशे वर्षांचं अंतर, पण दोघं एकाच राहुटीबाहेर लिंबू सरबत पीत उभे.

यावर हसणं सोपं आहे, आणि शिकलेल्या माणसाला तो मोह होतोच. मीही सुरुवातीला हे चूक, ते चूक असं मोजत होते. पण नाट्यसंमेलनात ऐतिहासिक नाटक पाहताना आपण राजाच्या पायातली चप्पल बघत बसत नाही. कलाकृतीला तिच्या हेतूने मोजावं. या जत्रेला इतिहास शिकवायचा नाहीच. तिला साध्या माणसाला एक दिवस वेगळं दिसू द्यायचं आहे. तेव्हा प्रश्न असा विचारावा: ते दिसणं कुणाला मिळतं, आणि ते कुणाच्या जिवावर मिळतं?

पहिल्या प्रश्नाला जत्रा फार सुंदर उत्तर देते. खऱ्या एलिझाबेथच्या राज्यात कुणी काय नेसावं याचे कायदे होते. १५७४ चा तिचा फतवा प्रसिद्ध आहे. जांभळं रेशीम, सोन्याच्या तारांचं कापड, किमती केसाळ कातडी हे सगळं राजघराणं आणि वरच्या सरदारांपुरतं राखीव. त्याखालच्यांनी कुठली मखमल, कुठलं साटीन वापरायचं त्याच्या पायऱ्या ठरलेल्या. बायकांसाठी वेगळी यादी. हे कायदे तिच्या मरणानंतर, १६०४ मध्ये रद्द झाले. आणि आता त्या मैदानावर बघावं तर जांभळ्या मखमलीचा घोळदार झगा घातलेली एक बाई चाकाच्या खुर्चीत बसून येते. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर काम करणारी. तिच्या खुर्चीला तिच्या भावाने लाकडी सिंहासनाची पाठ जोडली आहे. जाणारायेणारा प्रत्येकजण तिला ‘मिलेडी’ म्हणून वाकून नमस्कार करतो. साठीच्या, सत्तरीच्या, जाड, बारीक, केस गेलेल्या, सगळ्या बायका सजलेल्या, आणि कुणी त्यांना ‘या वयात हे काय’ असं म्हणत नाही. त्या काळच्या इंग्लंडात स्टेजवर बायकांना मज्जाव होता, पोरं बायकांची कामं करायची. बालगंधर्वांच्या मुलखातल्या आपल्याला यात नवल वाटणार नाही. इथे मात्र स्टेजवरचे निम्मे लोक बाया, आणि तलवारबाजीत जिंकली तीही एक बाईच.

म्हणजे जुन्या काळात जे लोकांना बंद होतं तेच ही जत्रा त्या काळाच्या नावावर खुलं करते. इतिहास म्हणून हे साफ खोटं आहे. पण मला ते आवडलं. गेलेल्या काळातलं नको ते गाळायचा हक्क मागच्यांना असतो, असं मी मानते. शेक्सपिअरच्या लंडनमध्ये नाटकगृहांच्या शेजारीच अस्वलाला खांबाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा खेळ चालायचा. लोक पैसे देऊन बघायचे, खुद्द राणीला त्याचा शौक होता. १५८३ च्या जानेवारीत एका रविवारी पॅरिस गार्डनमधला प्रेक्षकांचा सज्जा हा खेळ चालू असतानाच कोसळला आणि माणसं मेली. त्याच १५८३ साली आपल्याकडे श्वेतांबर आचार्य हीरविजय सूरी गुजरातेतून पायी चालत फत्तेपूर सिक्रीला पोचले, आणि त्यांच्या शब्दाखातर अकबराने पर्युषणाच्या दिवसांत प्राण्यांची हत्या बंद करायचा हुकूम काढला. आजच्या जत्रेत अस्वल नाही. त्याची कुणाला आठवणही येत नाही. खाटकाच्या दुकानाचा देखावा उभा करून कुणी ‘अस्सल’ म्हणून मिरवलं असतं तर मी आत पाय ठेवला नसता. तेव्हा गाळणं हा दोष नव्हे. काय गाळलं, हे पाहायला हवं. क्रौर्य गाळलं, चांगलं केलं. पण त्याबरोबर कष्टही गाळले, आणि इथे माझी तक्रार सुरू होते.

खाण्याच्या रांगेपासून बघा. या जत्रांची खूण म्हणजे टर्की पक्ष्याची भाजलेली तंगडी. हातभर लांब, ती धरून फिरायचं म्हणजे आपण राजेलोक. माझ्या वाट्याला काय आलं? बटाट्याचे तळलेले काप मला वर्ज्य, म्हणून मग भाजलेलं मक्याचं कणीस. आता गंमत अशी की टर्की, बटाटा आणि मका हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसानंतर ते जहाजांतून जगभर गेले. टर्की सोळाव्या शतकात इंग्लंडला पोचला. आणि १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला एक टर्की जहांगीरच्या दरबारी आला, तेव्हा बादशहाने उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. तिकडे जो ताटात गेला तो इकडे चित्रात गेला, याचं मला फार बरं वाटतं. आपलंही स्वयंपाकघर काही धुतल्या तांदळासारखं नाही. मिरची त्याच जहाजांतून आली, ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज, आणि शेजारणी उपवासाला ज्याची खिचडी करतात तो साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही दक्षिण अमेरिकेचाच. म्हणजे जत्रेतली खाण्याची पाटी खरं बोलते: जहाजं, व्यापार, दुसऱ्यांच्या जमिनी. कपडे ते बोलत नाहीत. प्रबोधनकाळ म्हणायचं, आणि मैदानभर एक छापखाना नाही, एक नकाशा नाही, दुर्बीण नाही, पुस्तकाचं एक दुकान नाही. नाव मोठं आणि त्यातली बुद्धी घरी ठेवून आलेली, ही या जत्रेची पहिली उणीव.

दुसरी उणीव बायकांना लगेच कळेल. राणीच्या गळ्याभोवती चुण्याचुण्यांची, चाकासारखी गोल, ताठ उभी राहणारी झालर असते. चित्रांत आपण पाहिली आहे. अशी झालर आपोआप उभी राहत नाही. साडीला खळ देऊन, ओलसर असताना ताणून वाळवून इस्त्री करणाऱ्या पिढीतल्या आपण. पाहताक्षणी प्रश्न पडतो की ही खळ कोणी दिली असेल? त्याचं उत्तर आहे, नावानिशी आहे. डिंगेन व्हान डेर प्लासे नावाची फ्लँडर्सची बाई १५६४ मध्ये नवऱ्याबरोबर लंडनला आली आणि तिने तिथल्या बायकांना झालरींना खळ द्यायला शिकवलं. शिकवणी चार-पाच पौंड, आणि खळ स्वतः शिजवायची कशी ते शिकायचं तर वीस शिलिंग आणखी. मोठमोठ्या घरच्या बायका आपल्या मुलींना तिच्याकडे पाठवत. परदेशातून आलेली, हातात एक कला असलेली, त्या कलेवर पोट भरणारी बाई! जत्रेत उभं करायला याहून चांगलं पात्र कुठलं? पण तिच्यासारखी कुणी तिथे नव्हती. राणी होती, सरदार होते, दारूच्या गुत्त्यातल्या खट्याळ पोरी होत्या. धुणारी नव्हती, पाणी भरणारी नव्हती, लेकराला पाजणारी दाई नव्हती. जणू चारशे वर्षांपूर्वी सगळे फक्त फिरत आणि खात होते.

राणीशी मी बोलले. मिरवणूक संपल्यावर ती गवताच्या भाऱ्यावर बूट काढून बसली होती. मी झालरीकडे बोट करून विचारलं, “ही तुम्ही केलीत?”

“माझ्या आईनं,” ती म्हणाली. “तीन हिवाळे लागले. आत पडद्याची कडक जाळी आहे. खळबिळ नाही, पावसात मऊ पडते ना.” मग तिने हाक मारून आईला बोलावलं. ऐंशीच्या घरातली बाई, साध्या पँट-शर्टात, गळ्यात चष्मा. तिने मला उलटी करून शिवण दाखवली. जत्रेतला माझ्या लेखी सर्वांत चांगला क्षण तो. पण तो स्टेजवर नव्हता, स्टेजमागे होता. लहान जत्रेचा फायदा हाच की स्टेजमागचं माणूस हाकेच्या अंतरावर असतं.

हाकेच्या पलीकडचे हात मात्र तिथेही दिसत नाहीत. एका राहुटीत रंगीबेरंगी रेशमी घागरे टांगले होते, कमरेला गुंडाळून बांधायचे. पाटीवर ‘जिप्सी’. जवळ गेले तर काठ ओळखीचे, पदर ओळखीचा. जुन्या साड्या फाडून शिवलेले होते ते. आत लहानशी चिठ्ठी, ‘मेड इन इंडिया’. कुणाच्या तरी लग्नातली, कुणाच्या बारशातली साडी, भांडीवालीला दिलेली, मग कुठल्याशा कारखान्यात कुणी बाईने कापून शिवलेली. सूत कातणाऱ्या बाईच्या राहुटीपाशी गर्दी होती, लोक तिचं नाव विचारत होते, बोटं बघत होते. ते योग्यच. पण शेजारच्या घागऱ्यांना नाव नाही, बोटं नाहीत. हाताच्या कामाचा एवढा गौरव करणारी जत्रा, तिला दूरचा हात दिसू नये, हे मला डाचलं. आपला देश त्या मैदानावर होता, तो एवढाच: टांगलेला.

आणि म्हणूनच नातवाने झगा, लाकडी तलवार असं सगळं लेवून झाल्यावर जे विचारलं ते मला महत्त्वाचं वाटलं. “आजी, तेव्हा आपण यातले कोण होतो?” जावई म्हणाला, “कुणीही हो रे, खेळ आहे.” ते बरोबरच आहे. पण पोराला खेळातलं उत्तर नको होतं.

त्याला मी जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण नातवंडं दूर असलेल्या आपल्यापैकी पुष्कळजणींना हा प्रश्न येणार आहे. त्या राणीच्या राज्यात, १५८६ मध्ये, आपल्याकडे जौनपूरला बनारसीदास जन्मले. जैन व्यापाऱ्याचा मुलगा. ‘नाटक समयसार’मुळे दिगंबर घरांत त्यांचं नाव माहीत असतं. त्यांनी १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ लिहून स्वतःचं आयुष्य सांगितलं; आपल्या भाषांमधली ती अगदी सुरुवातीची आत्मकथा मानतात. त्यात १६०५ चा एक प्रसंग आहे. अकबर वारल्याची बातमी जौनपूरला येते. ती ऐकून जिन्यात बसलेला तरुण बनारसी भोवळ येऊन पडतो, डोक्याला खोक पडते, आई जखमेवर कापड जाळून भरते. गावात दुकानं बंद. लोक दागिने पुरतात, चांगले कपडे लपवतात, जाडीभरडी वस्त्रं पांघरतात. श्रीमंत कोण, गरीब कोण ते ओळखू येईना, असं ते लिहितात. पुढे नवा बादशहा गादीवर बसल्याची बातमी येते आणि गाव सुटकेचा श्वास टाकतं. इंग्लंडात राणी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि कपड्यांचे कायदे रद्द होऊन एकच. तिकडे बरं कापड घालायची मोकळीक मिळाली, तेव्हा इकडे आपली माणसं भीतीने बरं कापड लपवत होती. नातवाने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्याच्या आईचं नाव काय?” सगळा प्रसंग ऐकून त्याला तीच आठवली, जखम बांधणारी.

आता आपल्या घरचं. वेष घेणं आपल्याला परकं नाही. पंचकल्याणक महोत्सवात आपल्यातलेच लोक सौधर्म इंद्र होतात, इंद्राणी होतात, तीर्थंकरांचे माता-पिता होतात. मुकुट, हार, हत्तीवरून मिरवणूक. त्या दिवसांत त्यांना संयम पाळावा लागतो, जेवणाखाण्याचे नियम असतात. जत्रेतल्या वेषाला हे बंधन नाही, आणि त्यामुळे तो वेष संध्याकाळी गाडीच्या डिकीत जातो. या बाबतीत आपली परंपरा जास्त खोल आहे, असं मी निःसंकोच म्हणते. पण दुसरी बाजूही म्हणते. त्या मैदानावर गल्ल्यावरच्या बाईला राणी व्हायला पैसा लागला नाही, शिवण लागली. आपल्याकडे पात्रासाठी सवाल होतात आणि ज्याची रक्कम मोठी तो इंद्र. त्या पैशातून मंदिरं उभी राहतात, हे खरं. तरी वीस वर्षं मंदिराचं धान्य निवडणारी, पूजेची द्रव्यं धुणारी, त्यागींच्या आहाराला पहाटे उठणारी बाई इंद्राणी झालेली मी अजून पाहिली नाही.

पाडव्याच्या शोभायात्रांचंही तसंच. नऊवारी, नथ, फेटा, मोटरसायकल. सगळ्या जिजाऊ आणि सगळ्या झाशीच्या राण्या. छान दिसतात पोरी, मला आवडतात. पण तिथे कुणी हसत नाही. ओहायोतल्या राणीच्या मिरवणुकीत विदूषक तिच्याच चालीची नक्कल करत पुढे नाचत होता आणि राणी हसत होती. खेळ आहे हे तिला ठाऊक होतं. आपण मात्र वेष चढवला की तोच इतिहास मानतो, आणि मग कुणी शंका काढली की दुखावतो.

तेव्हा या जत्रेबद्दल माझा निकाल असा. सामान्य माणसाला मान देण्यात ती पैकीच्या पैकी गुण घेते. गाळण्यात निम्मे. कष्टकऱ्यांना आणि दूरच्या हातांना जागा देण्यात नापास, आणि ‘प्रबोधन’ हे नाव तिने अजून कमवायचं आहे. पण सुधारायला तिला फार काही लागणार नाही. राणीच्या आईला स्टेजवर बसवून झालर शिवू द्या, तिच्या शेजारी एक टोपलं कपड्यांचं आणि एक पातेलं खळीचं ठेवा, घागऱ्यांच्या पाटीवरचा ‘जिप्सी’ शब्द पुसून तिथे साडी कशी नेसतात त्याचं एक चित्र लावा. मुलं तिथेही थांबतील. माझा नातू थांबला होता.

आणि आपल्या पुढच्या महोत्सवाच्या पत्रिकेत इंद्र-इंद्राणींच्या फोटोंखाली एक ओळ जागा राहत असेल, तर भोजनशाळेत पोळ्या लाटणाऱ्यांची नावं तिथे छापायला सांगा. मंडळाच्या बैठकीत मी हे सुचवणार आहे. तुमच्याही मंडळात सुचवून बघा, आणि कोण काय उत्तर देतं ते मला कळवा.